सातशे पौंडांचा प्राध्यापक: मोरियार्टीच्या नव्या पुस्तकांची पार्श्वभूमी

आर्थर कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सच्या ५६ लघुकथा आणि ४ कादंबऱ्या लिहिल्या. या साठांत होम्सचा महाशत्रू प्रोफेसर मोरियार्टीचं नाव जेमतेम सात ठिकाणी येतं, आणि त्यातही काही ठिकाणी एखाद्या वाक्यापुरतंच. होम्ससमोरचं त्याचं बोलणं कानी पडतं ते एकदाच, तेही आपण होम्सच्या तोंडून ऐकतो. होम्सचा मित्र आणि बहुतेक कथांचा निवेदक वॉटसन, त्याने तर मोरियार्टीला धड पाहिलेलंही नाही. व्हिक्टोरिया स्टेशनवर गर्दीतून मुसंडी मारणारा एक उंच माणूस आणि राइशेनबाख धबधब्याच्या वाटेवर झपझप चालणारी एक काळी आकृती, बस्स.

या तुटपुंज्या भांडवलावर गेल्या पन्नास वर्षांत इतर लेखकांच्या कादंबऱ्या, कथासंग्रह, कॉमिक्स आणि जपानी मांगा यांचं एक आख्खं कपाट भरलं आहे. ते कसं भरलं हे कळायला डॉयलने काय लिहिलं ते पाहून भागत नाही, त्याने काय लिहायचं सोडलं तेही पाहावं लागतं. कारण यातलं जवळपास प्रत्येक चांगलं पुस्तक मूळ कथेतल्या कुठल्या तरी ठरावीक भोकात बसवलेलं आहे.

भोकं पडली ती घाईमुळे. डॉयलला होम्सचा कंटाळा आला होता. ऑगस्ट १८९३ मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या मायरिंगेनला गेला, तिथे राइशेनबाखचा धबधबा पाहिला आणि नायकाला ढकलायची जागा सापडली. आता ढकलणारा हवा होता. होम्स कुणा भुरट्या चोराच्या हातून मेला असता तर वाचकांनी ऐकून घेतलं नसतं, तोलामोलाचाच माणूस पाहिजे होता. म्हणून डिसेंबर १८९३ च्या स्ट्रँड मासिकात ‘द फायनल प्रॉब्लेम’ या एकाच कथेत मोरियार्टी जन्मला आणि त्याच कथेत मेला. त्याआधीच्या दोन कादंबऱ्या आणि तेवीस लघुकथांमध्ये त्याचा मागमूस नाही.

त्या कथेतला बेकर स्ट्रीटचा, म्हणजे होम्सच्या घरातला, प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. मोरियार्टी न सांगता खोलीत येतो. होम्सने ड्रेसिंग गाऊनच्या खिशात पिस्तूल सरकवलेलं असतं, तेही तो ओळखतो. बोलताना त्याचं डोकं सापासारखं डावी-उजवीकडे हलत असतं. मग तो खिशाकडे हात नेतो, होम्स पिस्तूल उचलतो, आणि खिशातून निघते एक टिपणवही. वहीतून तो हिशेब वाचून दाखवतो: ४ जानेवारीला तुम्ही माझ्या वाटेत आलात, २३ ला त्रास दिलात, फेब्रुवारीच्या मध्याला माझी बरीच अडचण झाली, मार्चअखेर माझे बेत पुरते अडले, आणि आता एप्रिल संपताना मी गोत्यात आहे. त्या तारखांना नेमकं काय घडलं हे डॉयल कुठेच सांगत नाही. गंमत म्हणजे याच कथेच्या सुरुवातीला वॉटसन म्हणतो, की त्या हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी होम्स फ्रेंच सरकारच्या कामात होता आणि नार्बोन व नीम इथून त्याच्या चिठ्ठ्या आल्या. मग लंडनमध्ये मोरियार्टीला कोण नडत होतं? नव्या लेखकाला आयतं कथानक मिळतं ते असं.

चरित्राची टिपणंही तशीच, घाईत खरडल्यासारखी. एकविसाव्या वर्षी द्विपद प्रमेयावर प्रबंध लिहून युरोपभर गाजला, त्या जोरावर एका छोट्या विद्यापीठात गणिताचं अध्यासन मिळालं, मग कुजबुज सुरू झाली, राजीनामा द्यावा लागला, लंडनला येऊन लष्करी परीक्षांची शिकवणी धरली. गणित येणारा वाचक इथे थबकतो. द्विपद प्रमेयाचं मोठं काम न्यूटनने सतराव्या शतकातच केलं होतं आणि त्याची काटेकोर बाजू नील्स आबेलने १८२६ मध्ये लावून दिली होती. त्यानंतर एका पोराने त्यात युरोप हलवणारं काय शोधलं? डॉयल डॉक्टर होता. कानावर भारदस्त वाटलेलं नाव त्याने उचललं असावं.

पुढे १९०३ मध्ये होम्सला परत आणावं लागलं आणि ‘द एम्प्टी हाउस’ मध्ये प्रोफेसरचं पहिलं नाव जेम्स असल्याचं कळलं. अडचण अशी, की ‘द फायनल प्रॉब्लेम’ मध्ये त्याच्या कर्नल भावाचं नावही जेम्सच आहे. ‘द व्हॅली ऑफ फिअर’ (१९१४-१५) मध्ये आणखी एक भाऊ निघतो, पश्चिम इंग्लंडमधला स्टेशनमास्तर. तीन भाऊ, त्यातले दोन जेम्स. या कादंबरीची दुसरी चूक जास्त गाजलेली आहे. ती घडते राइशेनबाखच्या आधी, आणि तिच्यात वॉटसनला मोरियार्टी चांगला ठाऊक आहे. ‘द फायनल प्रॉब्लेम’ मध्ये मात्र होम्स विचारतो, मोरियार्टीचं नाव ऐकलंयस का, तर वॉटसन म्हणतो, कधीच नाही.

पण मोरियार्टीला खरं हाडामांस मिळालं ते याच कादंबरीत. होम्स इन्स्पेक्टर मॅकडोनाल्डला हिशेब मांडून दाखवतो: प्रोफेसरचा पगार वर्षाला ७०० पौंड, आणि अभ्यासिकेत टांगलंय ग्रोझचं चित्र. या चित्रकाराचं एक चित्र १८६५ मध्ये ४०,००० पौंडांच्या वर गेलं होतं. म्हणजे सत्तावन्न वर्षांचा पगार, तोही दमडी न खर्चता. शिवाय हाताखालच्या कर्नल मोरनला तो वर्षाला ६,००० पौंड देतो. गुन्हेगारीला धंद्याचं रूप देणारा माणूस, ही कल्पना इथे पक्की होते. नंतरच्या लेखकांनी सर्वांत जास्त ओरबाडलेली पानं हीच.

मोरियार्टीमागचा खरा माणूस म्हणून ॲडम वर्थ या चोराचं नाव घेतलं जातं. १८७६ मध्ये लंडनच्या ॲग्न्यू गॅलरीतून गेन्सबरोने रंगवलेलं डचेस ऑफ डेव्हनशायरचं चित्र त्याने पळवलं, ते परत मिळायला १९०१ उजाडलं. साम्य आहे, पण सगळा मोरियार्टी त्याच्यातून निघत नाही. डॉयलने स्वतः कादंबरीत होम्सकडून दाखला देववला आहे तो जोनाथन वाइल्डचा. हा अठराव्या शतकातला चोरांचा मुकादम, १७२५ मध्ये फासावर गेला. रंगभूमीने तर फार वाट पाहिलीच नाही. विल्यम जिलेटच्या १८९९ च्या होम्सवरच्या नाटकात मोरियार्टी मुख्य खलनायक झाला आणि होम्स म्हटलं की मोरियार्टी हे समीकरण तिथून रुजलं. कथांपेक्षा नाटका-सिनेमांचा त्यात हात मोठा आहे.

पुस्तकांची लाट मात्र १९७४ ची. त्या एका वर्षात दोन विरुद्ध दिशांची पुस्तकं आली. निकोलस मेयरच्या ‘द सेव्हन पर सेंट सोल्यूशन’ मध्ये मोरियार्टी एक गरीब बिचारा गणिताचा मास्तर आहे आणि त्याचं राक्षसपण म्हणजे कोकेनने पोखरलेल्या होम्सच्या डोक्यातला भ्रम. वॉटसन होम्सला युक्तीने व्हिएन्नाला, मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडकडे नेतो. वॉटसनने मोरियार्टीला कधी धड पाहिलेलं नाही या भोकाचा इतका नेमका उपयोग नंतर कुणाला जमला नाही.

त्याच वर्षी जॉन गार्डनरचं ‘द रिटर्न ऑफ मोरियार्टी’ आलं. पुढे याच गार्डनरने जेम्स बाँडच्या नव्या कादंबऱ्या लिहिल्या. मोरियार्टीच्या सांकेतिक लिपीतल्या रोजनिशा हाती लागल्याचा आव तो आणतो, तळटीपा देतो, चोरांच्या बोलीचा कोश जोडतो. भावांचा घोळ त्याने असा सोडवला: गणिती प्रोफेसर हा थोरला भाऊ, आणि आपला खलनायक हा धाकटा. त्याने थोरल्याला संपवलं आणि त्याचंच सोंग घेऊन वावरू लागला. इथला मोरियार्टी खंडणी, कुंटणखाने, चोरीच्या मालाची विल्हेवाट असा सगळा कारभार अध्यक्षासारखा चालवतो. दुसरा भाग १९७५ चा. तिसरा, नुसत्या ‘मोरियार्टी’ नावाचा, गार्डनरच्या मृत्यूनंतर २००८ मध्ये आला. गार्डनरचं बळ तपशिलात आहे आणि दुखणंही तिथेच. टोळीच्या कामाची यादी लांबत जाते आणि कथा मध्येच बसकण मारते.

या प्रकारच्या लेखनाची मूळ अडचण इथे कळते. महाखलनायक दुरून भव्य दिसतो. त्याला नायक करून तीनशे पानं जवळ बसवलं की त्याचं गूढ उडतं. शिवाय त्याच्या बाजूने वाचक उभा राहायचा तर त्याच्याहून वाईट कुणीतरी समोर पाहिजे. तिसरा पेच होम्सचा: त्याला हुशार ठेवलं तर तो मोरियार्टीला पकडणार, मठ्ठ केलं तर वाचक पुस्तक मिटणार.

मायकेल कर्लंडने १९७८ च्या ‘द इन्फर्नल डिव्हाइस’ मध्ये तिन्हींवर उपाय काढला. मोरियार्टीच्या बाजूला त्याने बेंजामिन बार्नेट हा अमेरिकन वार्ताहर ठेवला. कॉन्स्टँटिनोपलच्या तुरुंगातून मोरियार्टी त्याला सोडवतो, बदल्यात दोन वर्षांची चाकरी. म्हणजे वॉटसनची जागा भरली. समोर रशियन घातपाती उभा केला, म्हणजे मोठा खलनायक आला. आणि होम्स हुशारच ठेवला, फक्त त्याला मोरियार्टीचं वेड लावलं: लंडनमध्ये काहीही बिघडलं की तो रसेल स्क्वेअरवरच्या प्रोफेसरच्या घरावर पाळत ठेवतो. कर्लंडचा मोरियार्टी चोऱ्या करतो त्या विज्ञानाच्या प्रयोगांना पैसा हवा म्हणून. ही मालिका २०१४ पर्यंत चालली. तिचा सूर हलका आहे आणि नव्या वाचकाने सुरुवात इथूनच करावी.

मधल्या काळात कायद्याचं पाणी वाहत होतं. डॉयल १९३० मध्ये वारला. ब्रिटनमध्ये तेव्हाच्या ५० वर्षांच्या नियमाने हक्क १९८० अखेर संपले, मग मुदत ७० वर्षं झाल्याने १९९६ मध्ये पुन्हा जिवंत झाले आणि २००० अखेर कायमचे गेले. भारतात ते १९८० अखेरच संपले. रवींद्रनाथांच्या लेखनाचे हक्क संपत आले तेव्हा आपल्याकडे मुदत ६० वर्षं झाली, पण तोवर डॉयल मोकळा झाला होता. अमेरिकेत मात्र शेवटच्या कथांचे हक्क २०२२ अखेरपर्यंत टिकले, आणि त्या जोरावर डॉयलचे वारस सगळ्याच होम्ससाठी परवाना मागत. होम्सवरच्या संग्रहांचा संपादक लेस्ली क्लिंगर याने एका संग्रहासाठी प्रकाशकाने ५,००० डॉलर मोजलेले पाहिले, पुढच्या संग्रहाच्या वेळी पैसे द्यायला नकार दिला आणि कोर्ट गाठलं. जून २०१४ मध्ये न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांनी निकाल दिला: जुन्या कथांतली पात्रं मोकळी आहेत, उरलेल्या कथांत नव्याने आलेले तपशील तेवढे राखीव. मोरियार्टीचा जवळजवळ सगळा ऐवज १९१५ पर्यंत छापून झालेला, त्यामुळे त्याच्यावर लिहिणाऱ्याला यात सर्वांत कमी धोका होता.

किम न्यूमनचं ‘द हाउंड ऑफ द डर्बरव्हिल्स’ (२०११) माझ्या मते या कपाटातलं सर्वांत चलाख पुस्तक. त्याने कर्नल सेबॅस्टियन मोरनला निवेदक केलं. डॉयलने मोरनची कुंडली होम्सच्या टाचणवहीत तयारच ठेवली होती: जन्म १८४०, बंगलोर पायोनियर्समध्ये नोकरी, अफगाण मोहीम, हिमालयातल्या शिकारीवर एक पुस्तक, जंगलातल्या तीन महिन्यांवर दुसरं, पत्त्यांचा क्लब, कॉन्ड्युइट स्ट्रीटचा पत्ता. जखमी नरभक्षक वाघाच्या मागे गटारात सरपटत गेलेला माणूस. म्हणजे वॉटसनसारखाच अफगाणिस्तानातून आलेला, लिहिता हात असलेला, पण लाज सोडलेला. होम्सला इथे जवळपास जागाच नाही, त्यामुळे त्याला मठ्ठ करायचा प्रश्नही मिटतो. सात कथांची नावं डॉयलच्या नावांची टवाळी करतात. त्यातली ‘द रेड प्लॅनेट लीग’ उभी आहे लघुग्रहाच्या गतिशास्त्रावर मोरियार्टीने लिहिलेल्या ग्रंथावर. होम्स म्हणतो त्या ग्रंथावर टीका करण्याची कुवत कुणात नव्हती, न्यूमन अशी टीका करणारा खगोलशास्त्रज्ञ आणतो आणि प्रोफेसर त्याचा सूड कसा उगवतो ते दाखवतो. हाच ग्रंथ १९७६ मध्ये आयझॅक असिमोव्हनेही एका कथेत वापरला होता. दोघांची उत्तरं ताडून पाहावीत.

अँथनी होरोविट्झच्या ‘मोरियार्टी’ (२०१४) वर डॉयलच्या वारसांची अधिकृत मोहर आहे. सुरुवात मायरिंगेनच्या चर्चच्या तळघरात होते, धबधब्यातून काढलेल्या प्रेताजवळ. पिंकर्टन या अमेरिकन गुप्तहेर संस्थेचा फ्रेडरिक चेस आणि ‘द साइन ऑफ फोर’ मधला पोलीस अधिकारी अथेल्नी जोन्स तिथे भेटतात. प्रोफेसरची गादी रिकामी झाल्याने एक अमेरिकन टोळीवाला लंडनमध्ये घुसलाय, त्याच्या मागावर ते निघतात. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. एवढंच, की हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या प्रकरणापासून वाक्यं वेगळी ऐकू येतात.

जपानमध्ये २०१६ पासून र्‍योसुके ताकेउचीच्या कथानकावर हिकारू मियोशी ‘मोरियार्टी द पॅट्रियट’ चितारू लागले, २०२० मध्ये त्यावर ॲनिमे मालिकाही आली. इथला तरुण विल्यम जेम्स मोरियार्टी सरंजामी उमरावांना हिशेबाने संपवणारा आहे, त्याच्याकडे येणारे गिऱ्हाईक म्हणजे नाडलेले गरीब. डॉयलचा तीन भावांचा घोळ त्यांनी चूक न मानता पाया मानला. अल्बर्ट, विल्यम, लुई, तिघांच्याही नावात जेम्स. आणि यातला विल्यम जन्माने मोरियार्टी नाहीच. थोरल्या अल्बर्टच्या संगनमताने दोन अनाथ भाऊ त्या घराला आग लावतात, आणि त्यांतला मोठा, मेलेल्या धाकट्या उमरावाचं नाव घेऊन प्रोफेसर होतो. गार्डनरच्या धाकट्याने थोरल्याचं सोंग घेतलं होतं ते १९७४ मध्ये.