क्रॅथिस कॅसल

स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशर भागात, डी नदीच्या खोऱ्यात बँकरी गावाजवळचा सोळाव्या शतकातील किल्ला. तट, माची, बालेकिल्ला असा पसारा इथे नाही. जाड दगडी भिंतींची, मजल्यावर मजला चढवलेली ही बर्नेट घराण्याची गढीच म्हणायची.

राजा रॉबर्ट द ब्रूसने १३२३ मध्ये बर्नेटांना या भागातील जमीन इनाम दिली. दिवाणखान्यात ठेवलेले रत्नजडित हस्तिदंती शिंग त्याच इनामाची खूण, असे घराण्यात परंपरेने सांगतात. गढीचे बांधकाम मात्र १५५३ मध्ये सुरू झाले आणि १५९६ मध्ये पुरे झाले. त्याआधी हे कुटुंब जवळच्या तळ्यात माणसांनी रचलेल्या बेटावर राहत असे.

पाहण्यासारखे आहे ते डोक्यावर. तळमजल्याच्या कमानदार कोठ्या ओलांडून अरुंद चक्री जिन्याने वर गेले की लाकडी तुळया आणि फळ्या थेट रंगवलेली छते दिसतात. एका खोलीत नऊ वीर आहेत: हेक्टर, सिकंदर आणि सीझर, यहोशवा, दावीद आणि यहूदा मक्काबी, आर्थर, शार्लमेन आणि बुइयाँचा गॉडफ्रे. सोबत जुन्या स्कॉट्स भाषेतील पद्ये. दुसऱ्या खोलीत ग्रीक पुराणांतील नऊ कलादेवता आणि सात सद्गुण स्त्रीरूपात आहेत. ही कामे १६०० च्या आगेमागे झाली. इटालियन चित्रांची सफाई इथे शोधू नये; ठसठशीत काळी रेघ, भडक रंग आणि दिसेल ती मोकळी जागा भरून काढायची हौस, हीच त्यांची गंमत. पुढे फॅशन बदलली, छतांना गिलावा चढला आणि एकोणिसाव्या शतकात तो निघेपर्यंत चित्रे झाकलेलीच राहिली. रंग टिकले ते बहुधा त्यामुळेच.

तिसऱ्या एका खोलीत ‘हिरवी बाई’ तान्ह्या मुलाला घेऊन फिरते, अशी दंतकथा आहे. जिन्यातील एक पायरी मुद्दाम वेगळ्या उंचीची आहे. अंधारात चढणाऱ्या शत्रूला ठेच लागावी, हा हेतू. सगळ्यात वर ओकच्या फळ्यांनी मढवलेले छत असलेली लांब गॅलरी आहे. रंगवलेल्या खोल्यांनंतर तिचा साधेपणा डोळ्यांना बरा वाटतो.

१९५१ मध्ये सर जेम्स बर्नेट यांनी किल्ला नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेला दिला. १९६६ च्या आगीत नंतर जोडलेल्या भागाची हानी झाली. भिंतबंद बागेतील यू झाडांची कुंपणे १७०२ मधली असून अजूनही दरवर्षी छाटली जातात.