दंतगरपेशींतील ऊर्जाताण

दंतगरपेशींतील ऊर्जाताण : दाताच्या पोकळीतील मऊ गराच्या (पल्पच्या) पेशींना ग्लुकोज किंवा ऑक्सिजन अपुरा पडून त्यांतील एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) घटण्याची अवस्था व तिला पेशींनी दिलेला प्रतिसाद. गराच्या कडेला डेंटीन (दाताचा मुख्य टणक थर) तयार करणाऱ्या ओडोंटोब्लास्ट पेशींची रांग असते. आत तंतुजनक पेशी व थोड्या मूलपेशी असतात. या मूलपेशींचे वर्णन ग्रॉन्थॉस व सहकाऱ्यांनी २००० मध्ये केले.

गर चहूबाजूंनी टणक डेंटीनने वेढलेला असतो आणि त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः मुळाच्या टोकाशी असलेल्या, मिलिमीटरच्या काही दशांश रुंदीच्या छिद्रातून होतो. सूज आली की दाब वाढून शिरा आवळल्या जातात व अख्खा गर गुदमरतो, अशी जुनी उपपत्ती आहे. मात्र दाब सूजलेल्या भागापुरताच वाढतो असे मोजमापांत दिसल्याने ती आता फारशी ग्राह्य धरली जात नाही. बधिर करण्याच्या इंजेक्शनात एपिनेफ्रिन (रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य) असल्यास मात्र गराचा रक्तप्रवाह काही काळ स्पष्टपणे घटतो.

एटीपी खर्ची पडून त्याचे एक फॉस्फेट कमी असलेले रूप, एडीपी, साचले की अ‍ॅडेनिलेट कायनेज हे विकर दोन एडीपींपासून एक एटीपी व एक एएमपी (एकच फॉस्फेट उरलेले रूप) बनवते. एएमपी मुळात अत्यल्प असल्याने एटीपीतील किरकोळ घटही त्याच्या पातळीत मोठी उसळी आणते आणि ती एएमपीके हे विकर टिपते. एएमपीके खर्चिक संश्लेषण आवरते व ग्लुकोजचे ग्रहण वाढवते. पेशी आपलेच जुने घटक पचवते त्या स्वभक्षणाशी (ऑटोफॅजी) त्याचे नाते वादग्रस्त आहे. एएमपीके यूएलके१ या विकराला चेतवून स्वभक्षण सुरू करते, हे मत २०११ पासून पाठ्यपुस्तकांत रुळले. २०२३ मधील संशोधनाने उलट बाजू मांडली : ग्लुकोजच्या टंचाईत एएमपीके स्वभक्षणाला आवर घालते, पण त्याची यंत्रणा शाबूत राखते. हे प्रयोग अन्य पेशींवरचे असल्याने दंतगराला ते जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल. तरी दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण उपाशी पेशीला पचनाचाही खर्च परवडत नाही.

ऑक्सिजन घटला की एचआयएफ-१ अल्फा या प्रथिनाचे विघटन थांबून ते साचते, त्यामुळे नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारे व्हीईजीएफ हे प्रथिन वाढते आणि पेशी ग्लायकोलायसिसवर (ऑक्सिजनविना ग्लुकोज मोडून ऊर्जा मिळवण्यावर) भिस्त ठेवते. अशा वेळी पेशींकडून होणारी (डेंटीनसारखी) खनिजनिर्मिती वाढते की मंदावते, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष जुळत नाहीत. प्रयोगशाळेत पेशी सहसा २० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असलेल्या हवेत वाढवतात, ऊतींत तो बराच कमी असतो. पेशी वाढवण्याच्या प्रचलित पोषकद्रवांपैकी (माध्यमांपैकी) एकात लिटरमागे ४.५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे रक्तातील प्रमाणाच्या चौपटीहून अधिक. तेव्हा प्रयोगशाळेच्या बशीतली ‘सामान्य’ पेशी मुळातच सुखवस्तू असते.

ओडोंटोब्लास्ट विभाजन पावत नाहीत. वयपरत्वे त्यांत लिपोफ्युसिन हा स्वभक्षणातून उरलेला, न पचलेला अवशेष साचतो.