हँगओव्हर : शमन आणि प्रतिबंध

एका बैठकीत बरेच मद्य घेतल्यावर, त्याचा अंमल ओसरत असताना शरीराला व मनाला होणारा त्रास म्हणजे हँगओव्हर. रक्तातील अल्कोहॉल शून्याजवळ येऊ लागले की तो सुरू होतो. म्हणून नशा व हँगओव्हर या दोन वेगळ्या अवस्था मानतात. डोके ठणकणे, तोंडाला कोरड, मळमळ, अंग मोडून येणे, उजेड व आवाज सहन न होणे, हातांना कंप, छातीत धडधड ही नेहमीची लक्षणे. पुष्कळांना विनाकारण हुरहूर व खिन्नताही जाणवते. साधारणतः चोवीस तासांत हे सारे आपोआप निवळते.

मराठीत इंग्रजी शब्दच रूढ झाला आहे. सन २००० मध्ये काही अमेरिकी वैद्यांनी ‘व्हेसाल्जिया’ ही संज्ञा सुचवली. बेताल मौजेनंतरच्या अस्वस्थतेसाठी असलेला एक नॉर्वेजियन शब्द आणि वेदनावाचक ग्रीक प्रत्यय यांची ही जोडणी वैद्यकीय लेखनात अधूनमधून दिसते, बोलण्यात मात्र रुळली नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात (अध्याय ४७) पानात्यय, परमद, पानाजीर्ण व पानविभ्रम असे मद्यजन्य विकार सांगितले आहेत. त्यांतील परमदाची लक्षणे अशी : अंग जड होणे, तोंडाची चव जाणे, अरुची, मलमूत्राचा अवरोध, तहान, डोकेदुखी आणि सांधे फुटल्यासारखे दुखणे. हे वर्णन हँगओव्हरशी बरेच जुळते. उत्तरतंत्र मूळ संहितेला नंतर जोडले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात, त्यामुळे या वर्णनाचा काळ ढोबळपणेच धरावा लागतो. चरकसंहितेतील ‘मदात्यय’ ही संज्ञा फार व्यापक आहे. हँगओव्हरला जुना पर्याय हवाच असेल तर ‘परमद’ अधिक नेमका ठरेल.

कारणमीमांसा : उपाय कोणता लागू पडेल हे कारणावर अवलंबून आहे, आणि कारणाविषयीच एकमत नाही. सर्वांत लोकप्रिय समजूत शरीरातील पाणी कमी होण्याची. मूत्राचे प्रमाण आवरणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक अल्कोहॉलमुळे दबते. सुमारे ५० ग्रॅम अल्कोहॉल २५० मिली पाण्यातून घेतल्यास पुढील काही तासांत ६०० ते १००० मिली पाणी बाहेर टाकले जाते. तहान, कोरड व भोवळ यांचा उलगडा यातून होतो. पण हँगओव्हरची तीव्रता आणि शरीरातील पाणी व क्षार यांची घट यांचा मेळ तपासण्यांत नीट बसत नाही. भरपूर पाणी पिऊन झोपलेल्याचेही सकाळी डोके दुखते, ते यामुळेच.

दुसरा पक्ष ॲसिटाल्डिहाइडचा. यकृतातील एका विकराने (एन्झाइमने) अल्कोहॉलचे ॲसिटाल्डिहाइड होते आणि दुसऱ्याने त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट. मधले द्रव्य विषारी आहे. ते साचले तर काय होते हे डायसल्फिराम या औषधामुळे कळले. कोपनहेगनमधील हाल्ड व याकोबसेन यांनी १९४८ मध्ये ते पुढे आणले. दुसऱ्या विकराला ते अडवते, आणि ते घेतलेल्या माणसाने मद्य प्यायल्यास चेहरा लाल होऊन मळमळ, धडधड व डोकेदुखी सुरू होते. पूर्व आशियाई वंशाच्या बऱ्याच लोकांत हा विकर जन्मतःच दुबळा असतो. त्यांना थोड्या मद्यानेही असाच त्रास होतो. साम्य लक्षात येण्याजोगे आहे, तरी अडचण वेळेची आहे : हँगओव्हर ऐन भरात असताना रक्तात ॲसिटाल्डिहाइड सहसा उरलेलेच नसते. अलीकडे म्हणून तिसऱ्या पक्षाकडे कल वाढला आहे. मद्यपानानंतर प्रतिकारयंत्रणा चेतते, रक्तात सायटोकाइने (दाह घडवणारी संदेशवाहक प्रथिने) वाढतात, आणि तापाच्या दिवशी होते तशी मरगळ व अन्नावरची अनिच्छा येते. ॲसिटाल्डिहाइड ही या साखळीची सुरुवात असावी आणि दाह हा तिचा पुढचा दुवा, असे मानल्यास दोन्ही मतांची सांगड बसते. उपलब्ध पुराव्याला हेच मत जास्त धरून आहे.

मद्याच्या प्रकाराचा भाग गौण, पण आहे. आंबवताना व मुरवताना तयार होणारी इथेनॉलखेरीजची (पेय मद्यातील मुख्य अल्कोहॉलखेरीजची) द्रव्ये गडद मद्यांत जास्त असतात. २०१० मधील एका अमेरिकी प्रयोगात ९५ तरुणांना बर्बन (एक अमेरिकी व्हिस्की) किंवा व्होडका दिली गेली. बर्बनमध्ये ही द्रव्ये सुमारे ३७ पट होती. तिचा हँगओव्हर जास्त जाणवला, पण दुसऱ्या दिवशीच्या चाचण्यांतील कामगिरी दोन्हींची सारखीच खालावली. ‘आधी बिअर की आधी वाइन’ हा वाद २०१९ मध्ये जर्मनीत ९० जणांवर तपासला गेला. काहींना क्रमाने बिअर व वाइन, काहींना उलट, तर काहींना एकच पेय दिले. आठवड्याभरानंतर गट बदलून तेच पुन्हा केले. क्रमाने काही फरक पडला नाही. पुढचा त्रास ओळखायला स्वतःला किती चढली आहे ही जाणीव आणि उलटी, या दोनच खुणा उपयोगी ठरल्या.

प्राचीन उपाय : मोठ्या प्रमाणात पिऊनही जेवण चवीने व्हावे म्हणून जेवणाआधी कच्चा कोबी व्हिनेगारबरोबर खावा आणि नंतर पाचेक पाने चावावीत, असे रोमन लेखक केटो (इ. स. पू. दुसरे शतक) सांगतो. कडू बदामांचा उल्लेख ग्रीक लेखक प्लूटार्क करतो. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या एका ग्रीक पपायरसात ‘मद्याच्या डोकेदुखी’वर एका झुडपाची पाने ओवून गळ्यात घालायला सांगितले आहे. रोमन लेखक प्लिनीने हँगओव्हरवर घुबडाची अंडी सांगितली असे आज सर्रास लिहिले जाते, पण ते मूळ पाहता टिकत नाही. मद्यप्यांना तीन दिवस ही अंडी वाइनमधून दिली तर त्यांना वाइनचा वीट येतो, एवढेच तो म्हणतो. म्हणजे हा उपाय व्यसन सोडवण्याचा होता.

‘दारूवर दारूच’ या कल्पनेचा उगम अधिक गुंतागुंतीचा आहे. इंग्रजीत तिला ‘चावलेल्या कुत्र्याचा केस’ म्हणतात. हा प्रयोग १५४६ पासून छापील स्वरूपात मिळतो, आणि श्वानदंशावर त्याच कुत्र्याचे केस लावण्याच्या जुन्या समजुतीवरून तो आला असावा. मराठीतली काट्याने काटा काढण्याची कल्पना तीच. सिरियातील रास शाम्रा (प्राचीन उगारित) येथे १९६१ मध्ये मिळालेल्या मृत्तिकापट्टात एल हा देव मेजवानीत पिऊन कोसळतो. शेवटी उपाय म्हणून कपाळावर ‘कुत्र्याचे केस’ लावायला आणि एक वनस्पती ऑलिव्ह तेलातून प्यायला सांगितले आहे. पट्ट इ. स. पू. चौदावे ते बारावे शतक यांच्या दरम्यानचा असावा. यातच इंग्रजी वाक्प्रचाराचे मूळ पाहण्याचा मोह होतो, पण मधल्या अडीच-तीन हजार वर्षांना जोडणारा धागा नाही. शिवाय ‘कुत्र्याचे केस’ हे एखाद्या वनस्पतीचेच नाव असावे असेही मत आहे. स्वतंत्र उगम मानणे जास्त सुरक्षित. चरकसंहितेतही मद्यजन्य विकार योग्य मात्रेतील मद्याने शमतो, असा विचार आहे.

या उपायाने घटकाभर बरे वाटते ते खरे. मद्यात अल्प प्रमाणात मिथेनॉल असते. यकृत आधी इथेनॉल हाताळते आणि मग मिथेनॉल. मिथेनॉलपासून फॉर्मल्डिहाइड व फॉर्मिक आम्ल ही विषारी द्रव्ये तयार होतात. सकाळी पुन्हा इथेनॉल मिळाले की हे काम लांबणीवर पडते. त्रास मात्र टळत नाही, पुढे सरकतो. आणि सकाळी पिण्याची सवय हीच व्यसनाची पायरी ठरते.

आधुनिक चाचण्या : २००५ मध्ये तोवरच्या आठ नियंत्रित चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. प्रोप्रॅनोलॉल, ट्रॉपिसेट्रॉन, टोल्फेनॅमिक आम्ल, फ्रुक्टोज वा ग्लुकोज, बोरेज, आर्टिचोक, निवडुंग व यीस्टपासून केलेले एक औषध असे उपाय त्यांत होते. कशाचाही खात्रीलायक पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढच्या एका आढाव्यात (२०२२) २१ चाचण्या व ३८६ व्यक्ती होत्या. लवंगेचा अर्क, टोल्फेनॅमिक आम्ल व पायरिटिनॉल यांनी थोडा फरक दाखवला, पण पुराव्याचा दर्जा अत्यंत हलका ठरला. डायहायड्रोमायरिसिटिन या वनस्पतिज द्रव्याचा गाजावाजा झाला तो २०१२ मधील उंदरांवरील प्रयोगांमुळे.

प्रतिबंध : निश्चित उपाय एकच, कमी व सावकाश पिणे. यकृत ताशी सुमारे ७ ते १० ग्रॅम अल्कोहॉल निकालात काढते. ५ टक्क्यांच्या २५० मिली बिअरमध्ये सुमारे १० ग्रॅम असते. रात्री आठपासून अशी दोन लिटर बिअर घेतली, म्हणजे ८० ग्रॅम, तर शेवटचा अंश पहाटे चार ते सकाळी साडेसातच्या दरम्यान संपतो. त्रासाचा जोर सकाळी का असतो, ते या हिशेबातून दिसते. पोटात अन्न असले की शोषण मंदावते. कॉफीने किंवा थंड पाण्याच्या अंघोळीने हा वेग वाढत नाही, सक्रियित कोळसा अल्कोहॉल धरून ठेवत नाही.

शमन : पाणी, क्षारयुक्त पेय, हलके अन्न आणि झोप. मद्यामुळे रात्रीची झोप उत्तरार्धात तुटक होते, तेव्हा दिवसा पडून राहणे हाही उपचारच आहे. वेदनाशामकांबाबत सावधगिरी हवी : ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन मद्याने आधीच चिडलेल्या जठराला इजा करतात, आणि नियमित पिणाऱ्यांच्या यकृताला पॅरासिटामॉल धोक्याचे ठरते. रक्तात अल्कोहॉल उरले नसले तरी लक्ष विचलित होते, म्हणून हँगओव्हरमध्ये वाहन चालवू नये.

वेगळे ओळखायचे विकार : रोज पिणाऱ्याला शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत वाढता कंप, घाम, भास वा झटके आले तर तो हँगओव्हर नव्हे, मद्य तुटल्याचा विकार आहे. त्याला रुग्णालयातच उपचार लागतात. भेसळीच्या मद्यातील मिथेनॉलची विषबाधा तर सुरुवातीला हुबेहूब हँगओव्हरसारखी दिसते, आणि घरचे लोक माणसाला झोपू देतात. साधारण १२ ते २४ तासांनी दृष्टी धूसर होते, समोर बर्फ पसरल्यासारखे पांढरे दिसते, श्वास जलद व खोल होतो. दृष्टीत असा बदल होताच, थोडे बरे वाटत असले तरी, ताबडतोब रुग्णालय गाठावे. तेथे फोमेपिझोल हे औषध, ते नसल्यास मोजून दिलेले शुद्ध इथेनॉल वापरून मिथेनॉलचे विघटन रोखतात आणि रक्तशुद्धीकरणाने (डायलिसिसने) ते बाहेर काढतात.