कामाची मालकी

कामाची मालकी : हाती घेतलेले काम आपले समजून शेवटापर्यंत नेणे आणि त्यात काही बिघडताना दिसले की कुणी सांगण्याची वाट न पाहता पुढे होणे, ही वृत्ती. ठाणे-नवी मुंबईतल्या कारखान्यांत आणि आयटी पार्कांत तिला सर्रास 'ओनरशिप' म्हणतात. मराठीत तिच्या उलटचे शब्द जास्त रुळलेले आहेत : हुकुमाशिवाय न हलणारा तो सांगकाम्या, आणि नुसता दिवस भरणारा 'पाट्या टाकतो'. ही वृत्ती कर्मचाऱ्याकडून मागितली जाते, पण ती रुजेल अशी परिस्थिती तयार करणे व्यवस्थापनाच्या हातात असते. म्हणून या नोंदीत भर त्या बाजूवर आहे.

जबाबदारी आणि मालकी यांची गल्लत नेहमी होते. जबाबदार म्हणजे ज्याने जबाब द्यायचा तो. चूक झाल्यावर कुणाला विचारायचे एवढेच त्यातून ठरते. मालकाकडे आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे वस्तू थांबवण्याचा, बदलण्याचा, दुरुस्त करण्याचा अधिकार. अधिकार न देता मालकी मागितली की कर्मचाऱ्याच्या पदरात फक्त जबाब पडतो.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. तिथल्या किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे भागातल्या एखाद्या छोट्या मशीन शॉपमध्ये वरचा फरक डोळ्यांनी पाहता येतो. सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकाम यंत्रावर, एकाच मापाचे जॉब (सुटे भाग) ओळीने निघत असतात. इन्सर्टची, म्हणजे धातू कापणाऱ्या बदलत्या पात्याची, धार जाऊ लागली की बोअर (आतले भोक) कणाकणाने लहान येते, ते तपासायचे गो गेज आत जाताना अडते, मशीनचा आवाजही बदलतो. हा बदल सर्वांत आधी ऑपरेटरच्या कानाला कळतो. "साहेब, आवाज वेगळा येतोय." "चालू दे रे, लंचनंतर बघू." इन्सर्ट स्टोअरमध्ये कुलपात आणि चिठ्ठीवर सही सुपरवायझरची, अशी व्यवस्था असेल तर तो चालू ठेवतो आणि संध्याकाळी क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) माल रिजेक्ट होतो. मशीनशेजारी जादा इन्सर्ट ठेवले, ठरावीक जॉबनंतर माप घेऊन ते वहीत लिहायची पद्धत घातली आणि शंका आली की मशीन बंद करायची मोकळीक दिली, तर तोच माणूस त्याच पगारात वेगळा वागतो.

थांबवण्याच्या अधिकाराचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण जपानच्या टोयोटा कंपनीचे आहे. जुळणीच्या लाइनवर कामगाराच्या हाताशी दोरी असते. दोष दिसला की तो ती ओढतो, दिवा लागतो, टीम लीडर येतो, आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचेस्तोवर दोष निघाला नाही तर लाइन थांबते. या पद्धतीचा सगळा जीव टीम लीडरच्या पहिल्या शब्दात आहे. तो ओढणाऱ्यावर डाफरला, तर दुसऱ्या दिवशी दोरीला कुणी हात लावणार नाही.

गुणवत्ता मंडळे, म्हणजे एकाच विभागातल्या कामगारांनी नियमित बसून आपल्याच कामातल्या अडचणी सोडवणे, जपानमध्ये १९६२ पासून सुरू झाली. भारतात १९८० मध्ये भेल या सरकारी (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कंपनीच्या हैदराबाद कारखान्यातून. कायद्यानेही ही दिशा धरली होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी कामगार आणि व्यवस्थापन यांच्या संयुक्त कार्य समितीची तरतूद होती, आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४३अ मध्ये व्यवस्थापनातला कामगारांचा सहभाग हे मार्गदर्शक तत्त्व आले. समितीत पंखे, बूट आणि कॅन्टीनच्या पलीकडे चर्चा गेली नाही, तर मात्र कामाची मालकी होती तिथेच राहते.

मानसशास्त्रात पियर्स, कोस्टोवा आणि डर्क्स या संशोधकांनी २००१ मध्ये मालकीच्या या भावनेची मांडणी केली. तिच्याकडे जाणाऱ्या तीन वाटा ते सांगतात : त्या गोष्टीवर आपला ताबा असणे, ती आतून-बाहेरून ओळखीची असणे आणि तिच्यात आपण स्वतःचे काही ओतलेले असणे. ठाणे खाडीपलीकडच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यातली लॉगबुक पाहिली की या तिन्ही वाटा समजतात. सेकंड शिफ्टवाला नाइटवाल्याला चार्ज देताना 'ऑल ओके' लिहून बस गाठू शकतो. किंवा तो लिहितो : 'पंप ए ची ग्लँड गळते आहे. पंप बी चालू केला आहे. ए ला मेंटेनन्सच्या परमिटशिवाय हात लावू नये.' असे लिहिणाऱ्याला तो पंप ठाऊक असतो आणि रात्री तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाची काळजीही असते. पुढे त्या नोंदीचे काय झाले हे त्याला कुणीतरी आवर्जून सांगितले पाहिजे. चार नोंदी वाचल्याच गेल्या नाहीत, तर पाचव्या दिवशी 'ऑल ओके' येते.

पैशाचा वाटा वेगळा. १९६५ च्या बोनस कायद्याने, पुढच्या दुरुस्त्यांनंतर, पगाराच्या किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के बोनस ठरवला; ऐरोली-महापेच्या काही आयटी कंपन्या शेअरही देतात. हा वाटा न्याय्य आहे, तो मिळालाच पाहिजे. पण त्याने नफ्यात हिस्सा मिळतो, रोजच्या कामात शब्द मिळत नाही.

'ओनरशिप'च्या नावाखाली रात्री अकराला फोन करणे, सुट्टीत लॅपटॉप उघडायला लावणे आणि दोन माणसांचे काम एकावर टाकणे हेही सर्रास चालते. त्याला मालकी म्हणू नये, ती वेठ आहे.

सर्वांत अवघड प्रश्न कंत्राटी कामगारांचा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने आस्थापनांची नोंदणी, ठेकेदारांचे परवाने आणि कामगारांच्या सोयी पाहिल्या, पण कागदावर या कामगारांचा मालक ठेकेदार असतो आणि काम मात्र कंपनीच्या मशीनवर. पाच-सहा वर्षे एकाच रिअॅक्टरवर (रसायनांची प्रक्रिया होते त्या भांड्यावर) उभा राहिलेला हेल्पर त्याची नस कायम नोकरीतल्या इंजिनिअरपेक्षा चांगली ओळखतो, तरी लॉगबुकात लिहायची त्याला परवानगी नसते. सकाळच्या टूलबॉक्स मीटिंगमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या छोट्या सुरक्षा बैठकीत, त्याची हजेरीची सही घेतात. ज्या कारखान्यांत सहीआधी त्याला 'काल काय दिसलं?' असे विचारतात आणि त्याचे उत्तर त्याच्या नावासकट वहीत उतरवतात, तिथे तो दुसऱ्या दिवशी न विचारताच सांगू लागतो.