मणक्यातली भूल : सुईची वेदना आणि रुग्णाची सोय

कमरेच्या दोन मणक्यांमधल्या फटीतून बारीक सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात औषध सोडले की कमरेखालचा भाग बधिर होतो. हीच मणक्यातली भूल. रुग्णांच्या बोलण्यात ‘पाठीतलं इंजेक्शन’. जर्मन शल्यविशारद आउगुस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये कील येथे कोकेन वापरून ती दिली. सिझेरियनला आलेल्या बाईला अनेकदा पोटावरच्या छेदापेक्षा याच सुईची धास्ती अधिक असते आणि ती गांभीर्यानेच घ्यायला हवी.

जास्त दुखते ते कातडीत. म्हणून आधी तिथे बारीक सुईने लिग्नोकेन हे जागा बधिर करणारे औषध देतात. हे औषध आम्लधर्मी असल्याने स्वतःच झोंबते; त्यात थोडे सोडियम बायकार्बोनेट मिसळले आणि ते सावकाश सोडले तर झोंबणे कमी होते. मग मिनिट-दोन मिनिटे थांबायचे. शस्त्रक्रियांच्या घाईच्या यादीत नेमका हाच वेळ कापला जातो, हे खेदाचे आहे. बधिर करणारे मलम आधी लावायचे तर ते तासभर तरी अगोदर लावावे लागते.

बसणे नीट जमले तर अर्धे काम होते. रुग्णाला टेबलाच्या कडेला बसवून पाय स्टुलावर, पोटाशी उशी, हनुवटी छातीला, खांदे सैल. “पाठ माझ्याकडे बाहेर काढा,” असे भूलतज्ज्ञ सांगतात. पाठीची कमान झाली की मणक्यांमधली फट उघडते, सुई हाडावर अडत नाही आणि पुन्हा पुन्हा टोचावे लागत नाही. समोर उभ्या असलेल्या सिस्टरने खांदे धरले तर मोठा आधार वाटतो. स्थूल रुग्णांत किंवा वाकलेल्या पाठीत फट हाताला लागत नाही, तेव्हा सोनोग्राफी उपयोगी पडते. पेन्सिलीसारख्या टोकाची बारीक सुई वापरण्याचे मुख्य कारण मात्र वेगळे आहे : तिने नंतरची डोकेदुखी कमी होते.

शब्दांचाही परिणाम होतो. बाळंतपणासाठी आलेल्या स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. “मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल” असे ज्यांना सांगितले, त्यांना “जागा बधिर करतोय, तुम्हाला बरं वाटेल” असे ऐकलेल्यांपेक्षा जास्त दुखले. टोच तीच होती. “आता थंड लागेल”, “आता पाठीवर दाब जाणवेल” असे प्रत्येक टप्प्याआधी सांगितले तर रुग्ण दचकून हलत नाही.

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांना बसवणे हीच मोठी यातना असते. त्यांना आधी मांडीच्या मज्जातंतूचा ब्लॉक देतात, म्हणजे त्या मज्जातंतूजवळ औषध सोडून वेदना थांबवतात, आणि मग कुशीवर वळवतात किंवा बसवतात.