जाड नळी म्हणजे जास्त उजेड? नाही!

‘३० मिलिमीटर नळीच्या स्कोपमधून (बंदुकीवरच्या नेम धरायच्या दुर्बिणीतून) एक इंची नळीपेक्षा जास्त उजेड येतो,’ असं नवख्या नेमबाजांना वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. हे खरं नाही. उजेड ठरतो तो पुढच्या भिंगावर आणि भिंगांवरच्या लेपावर. ४० मिलिमीटरचं भिंग असलेला स्कोप १० पट मोठं दाखवण्यावर ठेवला, की डोळ्यापाशी ४ मिलिमीटरचा प्रकाशझोत येतो, नळी कुठलीही असो. जाड नळीत आतल्या भिंगांना सरकायला जागा मिळते, म्हणून लांबच्या निशाण्यासाठी टरेट, म्हणजे नेम सरकवायची स्कोपवरची चकती, जास्त फिरवता येतो. फायदा आहे तो हा.

पैसे मोजकेच असतील तर मी आधी टरेट तपासेन. टरेटची ०.१ मिलची (मिल म्हणजे कोनाचं एक माप) एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर नेम १ सेंटिमीटर सरकतो. एक गोळी झाडायची, मग टरेट पन्नास क्लिक वर, पन्नास खाली. पुढची गोळी जुन्याच भोकाशेजारी लागली पाहिजे.