ब्रिटनचा स्पाउस व्हिसा: २९,००० पौंडांची अट आणि अर्ज अडतो तिथले कागद

ब्रिटनमधल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला जायचं असेल, तर ११ एप्रिल २०२४ पासून तिकडच्या जोडीदाराचं वार्षिक उत्पन्न २९,००० पौंड दाखवावं लागतं. २०१२ पासून ही अट १८,६०० ची होती. नियम १४ मार्चला संसदेपुढे ठेवला आणि चार आठवड्यांत लागू झाला. लग्नाची तारीख धरून बसलेल्या कुटुंबांना तयारीला एवढाच वेळ मिळाला. मुलांमागे जी जादा रक्कम दाखवावी लागायची, पहिल्यासाठी ३,८०० आणि पुढच्या प्रत्येकासाठी २,४०० पौंड, ती नव्या अर्जदारांसाठी गेली. २९,००० नंतर अट ३८,७०० पर्यंत वाढवायचं ठरलं होतं, पण २०२४ च्या जुलैत आलेल्या सरकारने ते थांबवलं आणि ती वाढ लागू झालीच नाही. तरी हा आकडा व्हॉट्सअॅपवर अजून फिरतो आणि लोक घाबरून अर्जच करत नाहीत.

११ एप्रिल २०२४ च्या आधी याच जोडीदारासाठी अर्ज केला होता आणि त्यावर व्हिसा मिळाला, त्यांना मुदतवाढीला जुनीच १८,६०० ची अट (आणि मुलांची जुनी जादा रक्कम) लागते. हे माहीत नसल्यामुळे काही जण उगाच जास्तीची नोकरी धरतात.

तुमचा मार्ग हाच आहे का, ते आधी बघा. हा नियम ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक आणि तिथे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्यांच्या जोडीदारांसाठी आहे. वर्क व्हिसावर असलेल्याची बायको डिपेंडंट म्हणून जाते, तिथे २९,००० चा संबंध नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला गेलेल्या गोंयकारांनी आणखी एक गोष्ट तपासावी. सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड दर्जा (ब्रेक्झिटनंतर युरोपीय संघाच्या, म्हणजे ईयूच्या, नागरिकांना ब्रिटनमध्ये राहायचा मिळालेला हक्क) असेल आणि लग्न ३१ डिसेंबर २०२० च्या आधीचं असेल, तर जोडीदारासाठी त्याच हक्काच्या योजनेचा, ईयू सेटलमेंट स्कीमचा, फॅमिली परमिट आहे. त्याला फी नाही आणि उत्पन्नाची अटही नाही. तो सोडून हजारो पौंड भरू नका.

आता पगार. अर्ज सगळ्यात जास्त इथेच फसतात, आणि पगार कमी असतो म्हणून फसतात असं नाही. महिना पगारावर एकाच कंपनीत सहा महिने झालेले असतील, तर त्या सहांतला सगळ्यात कमी पगार धरला जातो. २९,००० म्हणजे कर कापण्याआधीचे महिन्याला २,४१६ पौंड ६७ पेन्स. समजा पगार ३१,००० आहे, म्हणजे महिन्याला सुमारे २,५८३. लग्नासाठी पुण्याला येताना बिनपगारी रजा घेतली आणि त्या महिन्याची पे-स्लिप १,९०० ची निघाली. झालं, वर्षाचा हिशेब १,९०० गुणिले बारा, म्हणजे २२,८०० धरला जाण्याची वेळ येते. लग्नाची रजाच लग्नाच्या व्हिसाला आडवी येते. अशा वेळी ‘कॅटेगरी बी’ बघा: सध्याचा पगार किमान २९,००० हवा आणि मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेलं एकूण उत्पन्नही (कर कापण्याआधीचं) तेवढं हवं. कागद मग सहाऐवजी बारा महिन्यांचे लागतात. तेही जमत नसेल तर तो महिना सहांच्या बाहेर जाईपर्यंत थांबा. तासावर मजुरी असेल तर सहा महिन्यांची सरासरी धरतात.

भारतातल्या जोडीदाराची इथली नोकरी, ती कितीही मोठी असो, पहिल्या अर्जात मोजत नाहीत.

स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून कॉन्ट्रॅक्टवर काम करणारे आयटीवाले इथे हमखास चुकतात. आपणच काढलेल्या पे-स्लिप जोडतात आणि नोकरदार म्हणून अर्ज करतात. कंपनीचे शेअर तुमच्याकडे किंवा घरच्यांकडेच असतील, तर कंपनीच्या पूर्ण आर्थिक वर्षाचे हिशेब आणि कॉर्पोरेशन टॅक्स रिटर्न द्यावे लागतात. वर्ष संपलं नसेल तर संपू द्या.

कंपनीचं पत्र हा दुसरा अडथळा. ‘अमुक आमच्याकडे काम करतात’ एवढ्यावर चालत नाही. वार्षिक पगार, तो पगार कधीपासून मिळतो, नोकरी कधीपासून आणि ती कायम की कराराची, या चारही गोष्टी पत्रात हव्यात. एचआर आपला ठरलेला नमुना देतं आणि त्यात दुसरी गोष्ट बहुतेक वेळा नसते. मसुदा तुम्हीच लिहून द्या.

शेवटची पे-स्लिप, शेवटचं स्टेटमेंट आणि हे पत्र अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांच्या आतलं हवं. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन अर्ज पाठवून फी भरली तो दिवस, बोटांचे ठसे द्यायचा नव्हे. फी आज भरली आणि पत्र पुढच्या आठवड्यात आणलं, तर ते अर्जाच्या नंतरचं ठरतं. बँक स्टेटमेंटवर पे-स्लिपमधली निव्वळ रक्कम पेन्सपर्यंत जुळली पाहिजे. ऑनलाइन काढलेल्या स्टेटमेंटवर प्रत्येक पानाला बँकेचा शिक्का किंवा सोबत बँकेचं पत्र घ्या.

पगार कमी पडत असेल तर बचत चालते. हिशेब असा: तुटीची अडीचपट अधिक १६,०००. पगार २५,००० असेल तर तूट ४,०००, म्हणजे बचत २६,००० पौंड. उत्पन्न शून्य असेल तर ८८,५००. पैसा सहा महिने तुमच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर हवा. वडिलांसोबतचं जॉइंट खातं नको. आईवडिलांनी दिलेली भेट चालते, पण उसनी नको आणि कुठून आली ते लिहा. दंड भरून लगेच मोडता येणारी एफडी चालते. धंद्याच्या उत्पन्नाला मात्र बचत जोडता येत नाही.

लग्नाचा दाखला ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका किंवा विवाह निबंधकाकडचा. मंगल कार्यालयाची पावती आणि देवळाचं पत्र पुरावा म्हणून वरून जोडा, दाखल्याऐवजी नको. मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही व संपर्क हवा. नुसता नोटरीचा शिक्का मारून आणतात, त्यात यातलं काहीच नसतं. नावाची घाई करू नका: पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर इंग्रजीची परीक्षा, टीबीची तपासणी आणि अर्ज त्याच नावाने करा, आणि लग्नानंतरचं नाव ‘इतर नावे’ रकान्यात लिहा.

इंग्रजीला ए-१ (सगळ्यात खालच्या) पातळीची, मान्यताप्राप्त केंद्रातली परीक्षा. ‘मुंबई विद्यापीठाची इंग्रजी माध्यमाची पदवी आहे’ म्हणून ती सोडायची, तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या ‘एक्टिस’ या ब्रिटिश संस्थेकडून तसा दाखला आणावा लागतो. त्यापेक्षा परीक्षा बहुतेकांना सोपी जाते. टीबीचा दाखला ठरलेल्या क्लिनिकचाच, सहा महिने चालतो. घराचा भाडेकरार किंवा मालकाचं पत्र, एकत्र फोटो, प्रवासाची तिकिटं हे नेहमीचं.

फी एप्रिल २०२५ च्या दराने १,९३८ पौंड, शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५, म्हणजे ३३ महिन्यांच्या व्हिसाला (तीन वर्षं धरून) ३,१०५. फी दरवर्षी बदलते, भरायच्या दिवशी पुन्हा बघा. नकार आला तर अधिभार परत मिळतो, फी नाही. एका पत्रातल्या एका ओळीसाठी एवढी रक्कम बुडवणं हा अन्याय आहे, पण नियम तसाच आहे. भारतातून अपील करायला निर्णय मिळाल्यापासून २८ दिवस असतात. कागद खरंच कमी पडला असेल तर अपिलात महिनोन् महिने घालवण्यापेक्षा पूर्ण कागदांनिशी नवा अर्ज बरा. कागद बरोबर असून अधिकाऱ्याने चुकीचा वाचला असेल, तर अपील सोडू नका.